धातूवरचा लेप आणि हाडाचा कौल

खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा एक दांडा ठोकून बसवतात. शस्त्रक्रियागृहात त्याला 'स्टेम' म्हणतात. हा स्टेम जवळून पाहिला, तर एका ठळक रेषेने त्याचे दोन भाग झालेले दिसतात. रेषेच्या वर, जिथे सांध्याचा गोळा बसतो, तिथे धातू घासून लखलखीत केलेला असतो. रेषेखालचा, हाडात जाणारा भाग मात्र पांढुरका, निस्तेज आणि बोटाला खरखरीत लागणारा. १९८६ पासून वापरात असलेल्या 'कोरेल' या फ्रेंच स्टेमवर या पांढुरक्या थराची जाडी आहे सुमारे १५५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. या थरावर हाड वाढावे आणि रेषेच्या वर मात्र वाढू नये, अशी ही योजना. आज ती इतकी स्वाभाविक वाटते, की शस्त्रवैद्यांच्या कित्येक पिढ्यांना हाडाने धातूला चिकटावे अशी इच्छाच नव्हती, हे सांगूनही पटत नाही. त्या पिढ्यांना गाठायचे तर आपल्याला १८८६ सालच्या हॅम्बुर्गपर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षी कार्ल हान्समान या शल्यविशारदाने मोडलेले हाड जोडण्यासाठी धातूच्या पट्टीचा उपयोग प्रसिद्ध केला. आज आपण सहज 'प्लेट टाकली' म्हणतो, तिचा हा पहिला नोंदलेला अवतार. ही पट्टी पोलादाची होती आणि तिच्यावर निकेलचा मुलामा होता. पट्टीचे एक टोक आणि स्क्रूंचे दांडे कातडीबाहेर डोकावत राहत, म्हणजे काही आठवड्यांनी सारा सरंजाम पुन्हा चिरफाड न करता काढून घेता येई. लेपाच्या वंशावळीत हान्समानचे नाव सहसा कोणी घेत नाही, पण हाडात जाणाऱ्या धातूवर दुसऱ्या पदार्थाचा थर चढवण्याची कल्पना त्याच्या पट्टीवर स्पष्ट दिसते. फक्त हेतू उलटा होता. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई करतात ती अन्नाचा आणि धातूचा संबंध येऊ नये म्हणून, आणि हान्समानचा निकेलही त्याच जातीचा. पोलाद गंजू नये आणि शरीराला ते कळू नये, एवढीच त्या मुलाम्याकडून अपेक्षा होती.

ती अपेक्षा फोल ठरली. जोसेफ लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीमुळे १८७० नंतर हाड उघडण्याचे धाडस वाढले आणि धातू शरीरात राहू लागला, तसे त्याचे दोषही उघडे पडू लागले. लंडनच्या आर्बथनॉट लेन यांच्या पोलादी पट्ट्या गंजत. १९१२ मध्ये अमेरिकेत विल्यम शर्मन यांनी व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद आणले, ती पट्टी वाकत-तुटत कमी होती, पण गंजत होतीच. १९२४ मध्ये आर्थर झिरोल्ड यांनी कुत्र्यांच्या हाडांत निरनिराळे धातू ठेवून पाहिले. लोखंड आणि पोलाद विरघळत, शेजारचे हाड खात. तांबे, जस्त आणि हान्समानचे लाडके निकेल भोवतालचे ऊतक रंगवून टाकत. सोने-चांदी निरुपद्रवी, पण भार पेलायला फारच मऊ. कोबाल्ट आणि क्रोमियमचा स्टेलाइट हा मिश्रधातू मात्र गप्प बसत होता. पुढे १९३७ मध्ये टेक्सासातल्या सॅन अँटोनियोच्या चार्ल्स व्हेनेबल आणि वॉल्टर स्टक यांनी या गप्प बसण्यामागचे कारण मांडले. शरीरद्रव खारट असतात, त्यांत दोन वेगळे धातू पडले की लहानसा विद्युतघट तयार होतो आणि हाडाची झीज होते. स्टेलाइटच्याच कुळातला व्हायटॅलियम या चाचणीत उतरला, आणि पुढच्याच वर्षी बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या सांध्यात व्हायटॅलियमची वाटी बसवली. त्या काळच्या शल्यविशारदाचा आदर्श इथे स्पष्ट होतो. शरीराला ज्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही, तो धातू उत्तम. भोवती तंतुमय पडदा तयार झाला तरी चालेल, किंबहुना तो व्हायचाच, असे गृहीत होते.

आता आपल्याला थोडे मागे, कॉर्नवॉलच्या एका ओढ्याकाठी जायला हवे. १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाने मॅनॅकन खोऱ्यातल्या काळ्या वाळूचा अभ्यास करताना एक अनोळखी धातू हेरला. चार वर्षांनी जर्मन रसायनज्ञ क्लापरोट यांनी त्याला टायटॅनियम हे नाव दिले. ग्रेगरच्या हाती लागलेले खनिज इल्मेनाइट. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या पुळणीत जी काळी वाळू दिसते, तिच्यातही तेच असते. धातू मात्र हट्टी. प्राणवायूशी त्याची जवळीक इतकी, की शुद्ध रूपात तो १९१० मध्ये हंटर यांच्या हाती लागला, आणि लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल यांच्या पद्धतीमुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर तो मोठ्या प्रमाणात मिळू लागला. प्राणवायूची हीच ओढ आपल्या कथेला वळण देणार आहे. हवेशी गाठ पडताच टायटॅनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो, खरवडला तर क्षणात पुन्हा येतो. म्हणजे हा धातू आपला लेप जन्मतःच बरोबर घेऊन येतो, आणि हाड ज्याला स्पर्श करते ते टायटॅनियम नसतेच, असते ते ऑक्साइडचे पातळ पांघरूण.

१९४० मध्ये बोथ, बीटन आणि डेव्हनपोर्ट यांनी मांजरांच्या मांडीच्या हाडांत निरनिराळे धातू बसवले आणि टायटॅनियमशी हाड एकजीव होऊ पाहते, असे लिहून ठेवले. ही नोंद बराच काळ कोणाच्या खिजगणतीत नव्हती. १९५१ मध्ये गॉटलीब लेव्हेंथल यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडांत टायटॅनियमचे स्क्रू बसवले. सहा आठवड्यांनी ते बसवतानाच्या मानाने थोडे घट्ट लागले, बाराव्या आठवड्यात काढायला जड गेले, आणि सोळाव्या आठवड्यात एक स्क्रू काढू जाता स्क्रू राहिला जागेवर आणि हाडच मोडले. त्या मोडलेल्या हाडाकडे आज पाहिले, तर पुढच्या पन्नास वर्षांचे संशोधन त्यात सामावलेले दिसते. पण लेव्हेंथल शोधत होते निरुपद्रवी धातू. तो त्यांना सापडला, आणि चिकटण्याची गोष्ट जोडनोंदीसारखी मागे राहिली.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, स्वीडनच्या लुंड विद्यापीठात पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायातला अस्थिमज्जेचा रक्तप्रवाह जिवंतपणी पाहण्यासाठी टायटॅनियमची बारीक दुर्बिणीसारखी पेटी हाडात बसवत होते. ही पेटी महाग, ती काढून पुन्हा वापरायची. ती निघेना. शास्त्रज्ञाच्या खर्चात भर टाकणारी ही अडचण त्यांनी झटकून टाकली नाही, हे त्यांचे मोठेपण. १९६५ मध्ये गोथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसली, आणि १९७७ मध्ये त्यांनी दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध करताना या जोडणीला 'ऑसिओइंटिग्रेशन' हे नाव दिले. त्याआधीच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बर्नचे आंद्रे श्रोडर यांनीही हाड आणि धातू यांच्यामध्ये पडदा न राहता थेट जोड होते असे दाखवले होते. त्यांची भागीदार होती वाल्डेनबर्गची श्ट्राउमान संस्था, जिचा मूळ धंदा घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी मिश्रधातू बनवण्याचा. दोन्ही देशांतल्या मंडळींचे मार्ग मात्र वेगळे. ब्रोनेमार्क यांचा स्क्रू लेथवर कातलेला, बऱ्यापैकी गुळगुळीत. श्रोडर यांच्या रोपणावर टायटॅनियमचीच भुकटी प्लाझ्माच्या झोताने फवारून ओबडधोबड थर दिलेला. गुळगुळीत बरा की खडबडीत, हा दंतवैद्यांचा वाद पुढे वीस वर्षे चालला.

खुबा आणि गुडघा यांच्या जगात हे सारे उशिरा पोहोचले. तिथे १९६२ पासून जॉन चार्नली यांच्या कृत्रिम खुब्याचे राज्य होते आणि दांडा हाडात बसवण्यासाठी ॲक्रिलिकचे बोन सिमेंट वापरले जाई. सत्तरच्या दशकात काही दांडे सैल होऊ लागले, भोवतीचे हाड विरले, आणि दोष सिमेंटच्या माथी आला. खरा गुन्हेगार बहुधा सांध्याच्या घर्षणातून निघणारे प्लास्टिकचे सूक्ष्म कण, हे कळायला वेळ लागला. पण एका चुकीच्या निदानाने लेपाच्या संशोधनाला जो पैसा आणि जी घाई मिळवून दिली, ती अचूक निदानाने मिळाली असती की नाही, शंकाच आहे. १९७१ मध्ये शिकागोत होर्हे गालान्ते यांनी टायटॅनियमच्या तारा दाबून सच्छिद्र थर बनवला. टोरांटोत रॉबर्ट पिलियार आणि त्यांचे सहकारी धातूचे बारीक मणी भट्टीत एकमेकांना चिकटवून दांड्याला कवच देत होते. छिद्रे ५० ते ४०० मायक्रॉनची असतील तर हाड त्यांत सर्वांत वेगाने आणि पक्के शिरते, असे १९८० मध्ये त्यांच्याच गटातून पुढे आले. पण छिद्रे पुरेशी नाहीत, हेही पिलियार यांनीच दाखवले. बसवलेला दांडा दर पावलाला सुमारे १५० मायक्रॉनहून अधिक हलत राहिला, तर छिद्रांत हाडाऐवजी तंतूच भरतात. हाड घडवणाऱ्या पेशीला उसंत लागते. जागा सतत हलत असली की ती तिथे संसार मांडत नाही.

आता त्या पांढऱ्या थराकडे वळू. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा, आणि ते खनिज ॲपटाइटच्या कुळातले, हे १९२६ मध्ये डी यांग यांनी क्ष-किरणांनी दाखवले. त्याच्याही सहा वर्षे आधी फ्रेड अल्बी आणि मॉरिसन यांनी सशांच्या हाडांतल्या फटीत कॅल्शियम फॉस्फेट भरून हाड लवकर जुळते असे नोंदले होते. मग मोठी शांतता. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत जार्को, जपानमध्ये आओकी आणि हॉलंडमध्ये क्लास डी ग्रूट असे तिघे जण एकमेकांपासून दूर राहून कृत्रिम हायड्रॉक्सिॲपटाइटवर काम करत होते. मधल्या काळात फ्लोरिडात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरसची एक काच बनवली. व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने बसप्रवासात विचारले होते, की शरीर नाकारणार नाही असे काही करता येईल का? काच उंदरांच्या हाडांत बसवली, सहा आठवड्यांनी निकाल आला : निघत नाही! लेव्हेंथल, ब्रोनेमार्क, हेंच. तिघांच्याही हाती एकच तक्रार आली. मात्र हेंच यांच्या वेळेपर्यंत तिला आनंदवार्ता समजण्याइतके डोळे उघडले होते. स्क्रू उलटा फिरवायला किती जोर लागतो आणि दांडा उपसायला किती, हेच पुढे प्रयोगशाळांचे रीतसर मोजमाप झाले.

हायड्रॉक्सिॲपटाइट हाडाचे सगेसोयरे खरे, पण ठिसूळ. त्याचा अख्खा दांडा केला तर पहिल्याच ठेचेला तुटायचा. म्हणून ताकद धातूची घ्यावी आणि नाते या खनिजाचे, असा तोडगा निघाला. तो जमवला प्लाझ्माच्या फवाऱ्याने. दहा हजार अंशांहून अधिक तापलेल्या वायूच्या झोतात खनिजाचे कण सोडतात. ते कडेने वितळतात, धातूवर आदळून चपटे होतात आणि एकावर एक थिजतात. १९८५ मध्ये लंडनच्या रोनाल्ड फर्लाँग यांनी या लेपाचा खुबा पहिल्यांदा माणसात बसवला, १९८६ मध्ये हॉलंडमध्ये रुडॉल्फ गीसिंक यांनी, आणि त्याच सुमारास फ्रान्समधून आपला कोरेल आला. या फवाऱ्यात एक खोट होती. इतक्या उष्णतेत खनिजाचा काही भाग स्फटिकरूप गमावतो, काही भाग दुसऱ्याच फॉस्फेटात बदलतो आणि असे भाग शरीरात लवकर विरघळतात. थोडे विरघळणे चांगलेच, कारण सुटलेले कॅल्शियम आणि फॉस्फेट तिथेच नव्या खनिजाच्या रूपाने साकळतात; फार विरघळले तर थर सुटून निघतो. जाडीचेही तसेच. पातळ थर लवकर संपतो, जाड थराला तडे जातात. त्यामुळे ५० ते २०० मायक्रॉनच्या मधे प्रत्येक कारखान्याने आपापला मुक्काम ठोकला. डेन्मार्कच्या आरहूसमध्ये शेल सोबॅल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कुत्र्यांवर दाखवले, की मुद्दाम थोडे हलणारे रोपण ठेवले तरी या लेपाभोवतीच्या तंतूंच्या जागी हाड येऊ शकते. नुसत्या टायटॅनियमला हे साधत नव्हते.

इथपर्यंत सगळा कारभार शस्त्रवैद्यांचा आणि धातुतज्ज्ञांचा. पेशीला स्वतःला काय वाटते, हे विचारायला सुरुवात झाली ती नव्वदच्या दशकात, आणि योगायोग असा, की पुन्हा सॅन अँटोनियोत. बार्बरा बोयन, झ्वी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या खडबडीतपणाच्या टायटॅनियमच्या चकत्यांवर 'एमजी-६३' पेशी वाढवल्या. या पेशींचे मूळ एका किशोरवयीन मुलाच्या हाडाच्या कर्करोगात होते. १९७७ मध्ये त्या वापरात आल्या त्या इंटरफेरॉनच्या उत्पादनासाठी. १९९५ मध्ये आलेला निकाल वरवर निराशाजनक होता. खडबडीत चकतीवर पेशींची संख्या गुळगुळीत चकतीपेक्षा कमी. पण कमी संख्येच्या त्या पेशी अधिक प्रौढ होत्या. त्यांनी भराभर दुभंगणे सोडून हाड घडवण्याच्या कामाला हात घातला होता, आणि त्याच प्रयोगमालेत पुढे दिसले, की शेजारच्या पेशींना इशारे देणारी रसायनेही त्या जास्त सोडत होत्या. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निकाल हाच वाटतो. आजही एखाद्या लेपाची जाहिरात 'पेशी झपाट्याने वाढतात' म्हणून केली जाते, तेव्हा वाढतात म्हणजे संख्येने की कर्तृत्वाने, हे विचारायला हवे.

पेशीला हे कळते कसे, तेही हळूहळू उलगडले. रोपण बसवताच काही क्षणांत रक्तातली प्रथिने पृष्ठभागावर येऊन बसतात आणि पेशी मग धातूला न शिवता या प्रथिनांना धरते. प्रथिने कोणत्या बाजूने चिकटली, किती घट्ट, यावर पेशीची पकड ठरते. पकड ताणलेली की सैल, यावर आतल्या जनुकांचे काम. टोरांटोच्या जॉन डेव्हिस यांनी यात रक्ताच्या गुठळीची बाजू जोडली. हाडाच्या पेशी गुठळीतल्या फायब्रिनच्या धाग्यांवरून चालत येतात. खरखरीत पृष्ठभाग ते धागे धरून ठेवतो, गुळगुळीत पृष्ठभागावरून ते ओढीने सुटतात आणि पेशी वाटेतच थांबतात. बर्नच्या डॅनिएल बूझर यांनी १९९१ मध्ये लहान जातीच्या डुकरांवर केलेला प्रयोग याच्याशी नीट जुळतो. विद्युतप्रक्रियेने चकचकीत केलेल्या टायटॅनियमला जेमतेम २० ते २५ टक्के भागावर हाड भिडले, वाळू मारून आम्लात बुडवलेल्याला ५० ते ६० टक्के, आणि हायड्रॉक्सिॲपटाइटच्या लेपाला ६० ते ७० टक्के. पहिला नंबर लेपाचा, पण तोच लेप जागोजागी झिजतानाही दिसत होता. पुढे दंतरोपणाच्या बाजारात वाळू आणि आम्लाची जोडी रुजली, ती या झिजण्यामुळे.

एकविसाव्या शतकात मोजमाप मायक्रॉनवरून नॅनोमीटरवर उतरले आणि वाद रंगले. विजेच्या साहाय्याने टायटॅनियमवर ऑक्साइडच्या सूक्ष्म नळ्या उगवता येतात. २००७ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने सांगितले, की १५ नॅनोमीटर व्यासाच्या नळ्यांवर मूलपेशी उत्तम रुजतात आणि १०० नॅनोमीटरवर मरतात. दोनच वर्षांत कॅलिफोर्नियातल्या गटाने लिहिले, की ७० ते १०० नॅनोमीटरच्या नळ्यांवर मूलपेशी लांबट होऊन हाडाच्या वाटेला लागतात. नळ्यांची स्फटिकरचना, तापवण्याची रीत, पेशींचा स्रोत, सगळेच वेगळे असताना दोन्ही बाजू प्रयोगशाळेतल्या आपापल्या बशीपुरत्या खऱ्या असू शकतात. बशीबाहेरचा निवाडा मात्र वेगळ्या ठिकाणी होतो. स्वीडनमध्ये प्रत्येक बदललेल्या खुब्याची राष्ट्रीय नोंद ठेवतात. २०१० मध्ये त्या नोंदवहीचा अभ्यास आला, तेव्हा हायड्रॉक्सिॲपटाइटचा लेप असलेल्या वाट्या पुन्हा बदलाव्या लागण्याचा धोका लेप नसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. पुढच्या वर्षी एका प्रचलित स्टेमचा तसाच हिशेब झाला. तिथे लेपामुळे ना फायदा, ना तोटा. पेशीला आवडलेला थर वीस वर्षांच्या चालण्याला पुरेलच असे नाही. कोरेलचा अनुभव मात्र दीर्घकाळ चांगला राहिला, म्हणून सरसकट निकाल देणेही घाईचे होईल.

दरम्यान एक तिसरा पक्षकार पुढे आला होता. १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी मांडले, की रोपणाच्या पृष्ठभागासाठी शरीराच्या पेशी आणि जंतू यांच्यात शर्यत लागते. जो आधी पोहोचेल त्याची जागा. खडबडीतपणा दोघांनाही सोयीचा. त्यातून चांदीचे आणि प्रतिजैविकांचे लेप आले, आणि जंतूला मारणारी मात्रा हाडाच्या पेशीलाही जाचते हा पेच त्यांच्या मागोमाग. दुसरीकडे लेपच नाहीसा करण्याची वाट निघाली. २००७ मध्ये इटलीत ग्विदो ग्राप्पिओलो यांनी इलेक्ट्रॉनच्या झोताने टायटॅनियमची भुकटी थरावर थर वितळवून छापलेली खुब्याची वाटी बसवली. तिच्यात छिद्रांची जाळी आणि घन धातू एकाच वेळी घडतात, त्यामुळे सुटून निघायला वेगळा थर उरतच नाही.

आणि या वाटेला एक फाटाही फुटला. मोडलेले हाड जुळल्यावर पट्ट्या आणि स्क्रू पुष्कळदा काढायचे असतात, लहान मुलांत तर हमखास. टायटॅनियमचे स्क्रू तेव्हा हाडात इतके रुतून बसलेले असतात, की डोकी झिजतात, दांडे तुटतात आणि साधी वाटणारी शस्त्रक्रिया तासभर लांबते. स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या संशोधन संस्थेत २००८ च्या सुमारास मेंढ्यांच्या हाडांत दोन तऱ्हेचे टायटॅनियमचे स्क्रू बसवून पाहिले, नेहमीचे आणि मुद्दाम घासून चकचकीत केलेले. चकचकीत स्क्रू कमी जोराने बाहेर आले.